दोन पाळ्यांची सायकल

मी एक जुनी सायकल आहे. लालबागच्या एका चाळीत जिन्याखाली उभी असते. लोक माझ्यावर ओले पंचे वाळत घालतात. घाला बापडे, तेवढीच सोबत! पण मित्रांनो, एके काळी मला दोन मालक होते आणि क्षणाची उसंत नव्हती.

जगन आणि उत्तम एकाच गिरणीत, एकाच चाळीत. जगनची पहिली पाळी, उत्तमची दुसरी. दोघांनी मला भागीत विकत घेतलं. सकाळी जगन मला गिरणीत नेई आणि पाळी सुटली की गेटावर उत्तमच्या हाती देऊन पायी घरी जाई. उत्तम पायी येई, रात्री माझ्यावरून परते. जाण्याची वाट एकाची, येण्याची दुसऱ्याची. गेटावर दोघांचं बोलणं माझ्याबद्दलच. "मागच्या चाकात हवा कमी आसा रे." "भरतंय." एवढ्याशा बोलण्यावर त्यांची मैत्री वाढली.

गणपतीच्या मंडपातला उरलेला हिरवा रंग जगनने माझ्या मडगार्डला फासला. तेव्हापासून सगळा भाग मला 'जगनची हिरवी सायकल' म्हणू लागला. उत्तमची अर्धी मालकी सगळे विसरले. तो हसायचा नुसता.

मग ब्याऐंशी साली संप झाला. भोंगे थांबले. जगन माझ्या कॅरियरला टोपली बांधून दादरहून भाजी आणायचा आणि वरळीच्या चाळींत विकायचा. उत्तमला काहीच काम मिळेना. त्यात त्याचं तान्हं बाळ तापाने फणफणलं. त्याची बायको शेवंता गळ्यातलंही विकून बसली होती.

एका सकाळी उत्तम म्हणाला, "आज सायकल माका दी." जगनने काही विचारलं नाही. टोपली डोक्यावर घेऊन तो पायी निघाला. संप मोडून येणाऱ्यांना मालक मागच्या गेटाने आत घेत होते. उत्तमने मला त्या गेटाशी टेकवलं आणि मान खाली घालून आत कामावर गेला. मी दिवसभर भिंतीशी उभी होते, माझ्या हिरव्या मडगार्डसकट.

संध्याकाळी चाळीच्या चौकात माणसं जमली. संपाचं काम बघणारा रघु पुढे झाला. "जगन, तुझी सायकल मागच्या गेटाला होती. आत गेला होतास ना?"

जगनने वर पाहिलं. गॅलरीत उत्तम कठडा धरून उभा होता, त्याच्या मागे बाळाला घेऊन शेवंता.

"होय," जगन म्हणाला. "मीच गेल्लंय."

मित्रांनो, माझा जीव तुटला. ओरडून खरं सांगावंसं वाटलं, पण घंटी काय सांगणार?

कोणी त्याला मारलं नाही. पण त्याच्याशी बोलणं बंद झालं. त्याची भाजी कोणी घेईना. तो जेवायचा त्या खानावळीच्या सुंदराबाई ताट वाढायच्या आणि तोंड फिरवायच्या. ते मात्र त्याला सोसलं नाही.

गावी निघायच्या दिवशी जगनने सवयीने मला गेटावर नेलं. उत्तम पायी आला, डोळे पुसत. "मी सगळ्यांका सांगतंय, जगन."

"गप रव. मी एकटो जीव. तुझ्या घरात बाळ आसा." मग माझ्या हँडलवरून हात फिरवून तो म्हणाला, "ब्रेक सैल आसा. सांभाळून जा."

तो परत आला नाही. गिरणी पाडली, तिथे टॉवर उभा राहिला. बाळ वाचलं, मोठं झालं, आता त्याचीही मुलगी कमावती आहे. शहरात भाड्याने फिरणाऱ्या सायकली कुठून कुठे जातात, याचा ती अभ्यास करते. परवा जिन्याशी बसून तिने आजोबांना संगणकावरचा नकाशा दाखवला.

"प्रत्येक सायकल कुठे उभी होती, ते इथे दिसतं, आजोबा."

उत्तमने बराच वेळ नकाशा पाहिला. "आणि वर कोण बसललो? कशाक गेललो?"

"ते नाही दिसत," नात म्हणाली. "ते माणसालाच विचारावं लागतं."

उत्तम उठून माझ्यापाशी आला आणि मडगार्डवरचा पंचा बाजूला केला.

म्हणून मित्रांनो, सायकल कुठे दिसली एवढ्यावरून माणसाला दोष देऊ नका. आधी त्याला विचारा, मायेने विचारा. आणि घरातल्या जुन्या सायकलीला तेलपाणी करा. उत्तम दर दसऱ्याला मला पुसतो, हवा भरतो, साखळीला तेल घालतो. ब्रेकला मात्र तो हात लावत नाही. तो अजून सैलच आहे.