तिच्या मापाची सायकल

माझ्या दुकानात एक नियम आहे: माप घेतल्याशिवाय कुणालाही सायकलवर बसू देत नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्याने बूट काढायचे, भिंतीला पाठ लावायची, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट धरायचं, आणि पुस्तकाच्या कडेशी मी पेन्सिलीने रेघ मारणार. पायाची लांबी कळली की फ्रेम कळते. लोक लाजतात, हसतात; मी हसत नाही. जुन्या रेसर सायकली विकतो मी, आणि चुकीच्या मापाची सायकल गळ्यात मारणाऱ्याला चोर समजतो. बावीस वर्षांत ती भिंत रेघांनी भरून गेली.

माझ्या बायकोची रेघ त्या भिंतीवर नाही.

बायको चार फूट दहा इंच. तिला सायकलचं वेड लग्नाआधीपासूनचं. खरं तर त्या वेडापायीच ती मला मिळाली, नाहीतर माझ्यात बघण्यासारखं होतं काय? दुकानात जी सायकल खपत नसे ती घरी जाई. पदरात पडलं पवित्र झालं, म्हणून ती घेई. फ्रेम दोन मापं मोठी. मी सीट खाली ठोकायचो, पुढे सरकवायचो, हँडल थोडं अलीकडे आणायचो आणि म्हणायचो, "होईल सवय." लोका सांगे ब्रह्मज्ञान! रविवारी मैत्रिणींबरोबर फिरून आली की तिची मान आखडलेली असायची, बोटांना मुंग्या आलेल्या. कायम सगळ्यांच्या मागे. "बुटक्यांनी शर्यतीत उतरूच नये," मी चिडवायचो. ती हसायची. हसायची म्हणून मी चिडवत राहिलो, गाढव मी.

मागच्या वर्षी एका उतारावर तिची बोटं ब्रेकपर्यंत पोचली नाहीत. पोचणारच नव्हती, ते ब्रेक लांब हाताच्या माणसाचे होते आणि तसेच ठेवणारा मी होतो. डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं. हॉस्पिटलात मी शिव्या खायच्या तयारीने बसलो होतो. ती म्हणाली, "मलाच नीट जमत नाही. पहिल्यापासूनच." हाड जुळलं, पण ती परत सायकलवर बसली नाही. हेल्मेट माळ्यावर गेलं. विषय काढला की कपड्यांच्या घड्या घालायला घ्यायची.

मग मी हट्टालाच पेटलो. तिच्या मापाची सायकल आणायची, तिला बसवायचं आणि दाखवून द्यायचं की चूक तिची नव्हती. एवढंच मला हवं होतं. पण बुटक्या माणसाची जुनी रेसर बाजारात येतेय कशाला? "मीडियम आहे, काका, ॲडजस्ट होईल," एक जण फोनवर म्हणाला. त्याला मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्याने शाळकरी मुलाची सायकल पुढे केली, घंटीसकट. वरातीमागून घोडं घेऊन मी सात महिने हिंडलो.

शेवटी एका निवृत्त शिक्षिकाबाईंची जाहिरात दिसली. त्यांचे गुडघे गेले होते. दोन बस बदलून त्यांच्याकडे पोचलो. व्हरांड्यात सायकल उभी होती: निळी, छोट्या फ्रेमची, ब्रेकचे दांडे हँडलच्या अगदी जवळ. मी टेप काढून मोजली. चार फूट दहा इंचाला तंतोतंत.

"मोजताय काय?" बाई म्हणाल्या. "तुमच्याच दुकानातली आहे. अकरा वर्षं झाली. ओळखलं नाहीत?"

नव्हतं ओळखलं. माझ्या हातातून शेकडो सायकली जातात.

"तुमच्या मिसेसनीच हँडलला पट्टी गुंडाळून दिली होती. मी आले तेव्हा त्या हिच्यावर बसून दुकानापुढे गोल फिरत होत्या. मला बघून चटकन उतरल्या. म्हणाल्या, सांभाळा हं, अशी परत मिळत नाही."

तेव्हा आठवलं. "उतर, गिऱ्हाईक आलंय," असं ओरडणारा मीच होतो. बाईंचं माप घेतलं, सायकल त्यांना बरोबर बसली, आणि मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं! त्या व्हरांड्यात मला रडू फुटलं. बाईंनी काही न विचारता पाणी आणून दिलं.

सायकल घरी आणली. बायको दारात आली. कुठून आणली, कुणाची, काही विचारलं नाही तिने. "निळी," एवढंच म्हणाली आणि बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकले. बोटं आपसूक ब्रेकवर पडली. गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली, मान ताठ ठेवून परत आली. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो.

ती उतरली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"इतकं सोपं असतं?" तिने विचारलं. "बाकीच्या सगळ्यांना हे इतकं सोपं जायचं?"

"अगं, तेच तर दाखवायचं होतं. तुझ्यात काही कमी नव्हतं."

"अहो, तेव्हा दुकानापुढे दोन फेऱ्या मारल्या, तर वाटलं ही सायकलच खास आहे. मला वाटायचं माझेच हात तोकडे. तुम्ही साऱ्या जगाची मापं घेता. म्हटलं, तुम्ही दिलीत म्हणजे बरोबरच असणार."

उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "रविवारी जाशील?"

"नाही." ती मनगट चोळत होती. "जायचं होतं तेव्हा जायचं होतं. जाहिरात द्या. कुणीतरी बुटकी मोठ्या सायकलवर लोंबकळत असेल आणि स्वतःलाच दोष देत असेल. तिला लवकर द्या."

ती आत गेली. मी जाहिरात लिहायला बसलो. 'कमी उंचीच्या व्यक्तीसाठी' इथपर्यंत लिहिलं, आणि पुढे हातच चालेना.