गोदूचा शाळा-शाळा खेळ

हिंदी मुलखातल्या पंडरी बाजारामागच्या त्या दोन खोल्यांत संध्याकाळ झाली की टीव्ही बंद व्हायचा आणि चार वर्षांची गोदू पाटीसमोर बसवली जायची. तुमच्याआमच्या घरांत बसवतात तशीच! सिलतऱ्याच्या कारखान्यातून थकून आलेला तिचा बाप सुशील फूटपट्टी घेऊन समोर बसे. शाळेचा प्रवेश तोंडावर आला होता आणि पोरीला 'क' काही काढता येईना.

"दांडी सरळ काढ! नाही येत? हात पुढं कर!"

सुशील काही राक्षस नव्हता. त्याच्या बापानं रेल्वेत मजुरी करत जन्म काढला, सही येत नव्हती म्हणून चारचौघांत बोलणी खाल्ली. शिक्षणाशिवाय आपल्याला कोणी विचारत नाही, हे त्या घरानं सोसून जाणलं होतं. पोरगी मागं पडू नये एवढंच त्याला हवं होतं. पण त्या नादात माणूस काय करून बसतो, बघा!

दिवसभर टकळी चालवणारी गोदू बोलेनाशी झाली. पाटी काढली की तिची चड्डी ओली व्हायची. तिची आई रूपाली सगळं बघायची आणि "बापच आहे, भल्यासाठीच मारतो," असं शेजारणीला सांगायची.

एका शनिवारी रूपाली गोल बाजारात गेली होती. सुशील घरी आला तर गोदूचा धाकटा भाऊ राजस किंचाळत होता. अजून धड चालताही न येणारं ते बाळ गोदूनं भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि त्याचा हात धरून ती फूटपट्टीनं मारत, गल्लीतल्या पोरांच्या हिंदीत ओरडत होती.

"क लिख! नहीं आता? हाथ आगे कर!"

"गोदे! जीव घेतं काय त्याचा?" सुशीलनं पट्टी हिसकली आणि हात उगारला.

गोदूनं डोळे मिटले आणि आपला तळहात आपणच पुढं केला. ती रडली नाही, पळालीही नाही.

सुशीलनं उगारलेला हात खाली घेतला. त्याची आई भीमाबाई बाहेरच्या नळावरून धावत आली. तिनं बाळाला उचललं, त्याचा लालभडक हात पाहिला.

"शाळा-शाळा खेळून राहिली पोट्टी. तू शिकवली तशी."

"आई, मी तिच्या भल्यासाठीच करून राहिलो न! शिकली नाही तं कोण इचारते आपल्याले?"

"हव, शिकाच लागते. पण ज्यानं शिका, संघटित व्हा म्हटलं, त्यानं लेकराले झोडा नाही म्हटलं! बोटांत जोर तं येऊ दे तिच्या. कणकेचे साप वळू दे. भाजी निवडता निवडता 'क'चा कांदा, 'क'ची कढई धुंडू दे. गोष्ट सांग तिले, तिची आयक. तोंडात शब्द असन तं पाटीवर उतरन. तू तं तिचं तोंडच बंद केलं, बापू!"

सुशीलनं पट्टी मोडून टाकली. अरेरे, काय केलं मी हे! त्या वर्षीचा प्रवेश त्यानं सोडून दिला.

आता गोदू आजीसोबत ओट्यापाशी कणकेची अक्षरं वळते, कधीमधी हसतेही. सुशील जवळ येऊन बसला की मात्र गप्प होते. तो तरीही रोज बसतो.

वाचकहो, अक्षर आज नाही तर उद्या येईल, पण मनात बसलेली भीती लवकर जात नाही. तुमचं लेकरू शाळा-शाळा खेळत असेल, तर घटकाभर दाराआड उभे राहा. मास्तर होऊन ते काय बोलतं, ते ऐका. ते सगळं त्यानं तुमच्याकडूनच घेतलेलं असतं!