धाकटीच्या दंडातली काडी

धाकटी जाऊ अग्निशमन दलात भरती झाली, तेव्हा तिच्या गणवेशाच्या ढगळ बाह्या आटोपशीर करायचं काम आपसूकच थोरलीकडे आलं. थोरली पूर्वी शिवणाचं दुकान चालवायची. दुसऱ्या खेपेला दिवस गेले आणि दुकान बंद पडलं. ते पुन्हा उघडायचं तिच्या मनात होतं, पण तिसऱ्याच्या धास्तीने दर महिन्याला तिचा जीव टांगणीला लागे.

दंडाचं माप घेताना टेपखाली तिच्या बोटाला काहीतरी कडक लागलं. कातडीच्या आत, काडेपेटीतल्या काडीएवढं.

"हे काय गं?"

"इम्प्लांट, ताई. दिवस राहू नयेत म्हणून. माझी ड्यूटी कधी दिवसा, कधी रात्री, गोळ्या विसरायचे. आता तीन वर्षं बघायला नको. मूल हवंसं वाटलं की काढून टाकायचं."

"दुखलं असेल."

"सुई टोचली तेवढंच. पण तुमच्या भाऊजींना तिथेच घेरी आली! नर्स म्हणाली, 'अहो, काडी नक्की कुणाला बसवायचीय?'"

धाकटी खळखळून हसली. थोरलीला हसू येईना. तिच्या दोन्ही बाळंतपणांत तिचा नवरा दवाखान्याच्या फाटकाबाहेरच थांबला होता. धाकटीची नोकरी, तिचा गणवेश, हे सगळं तिने गिळलं होतं. दीर सोबत गेला, हे मात्र घशाखाली उतरेना.

सासूबाई तिथेच भाजी निवडत होत्या. थोरलीने मुद्दाम आवाज चढवला.

"आई, ऐकलंत का? तीन वर्षं तरी पाळणा हलायचा नाही. हिने दंडात काडी बसवून घेतलीय."

"माहितीये." सासूबाईंनी मानही वर केली नाही. "मीच म्हटलं, बसव."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि माझ्या वेळी? मला म्हणालात, एकापाठोपाठ होऊन जाऊ दे, म्हणजे सुटशील!"

"म्हणाले खरी. तुझे हाल बघितले, मग शहाणपण आलं."

"म्हणजे हाल माझे आणि शहाणपण हिच्या वाट्याला!"

सासूबाईंचे हात थांबले. धाकटी हळूच म्हणाली, "ताई, तुम्हालाही बसवता येईल. मी येते ना सोबत."

"तू कशाला? आमचे हे येतील."

"त्यांना विचारलंत?"

"त्यांना अजून ठाऊक नाही," थोरली म्हणाली, "पण येतील."