खोडणारा

भिवंडीत दोन माणसं मिळून एक पिक्चर लिहीत होती. त्यातला एक लिहायचा आणि दुसरा खोडायचा. लिहिणाऱ्याचं नाव पुढे पडद्यावर आलं. खोडणाऱ्याचं कुठून येणार? खोडलेलं कधी कुणाला दिसलंय?

लिहिणारा मुनीर. कापडाच्या दलालाचा मुलगा, तोंडात साखर आणि जिभेला हाड नाही. धामणकर नाक्यावरच्या हॉटेलात तो बोलायला लागला की शेजारच्या टेबलावरची माणसं आपला चहा गार करून घेत. खोडणारा अय्यूब. वडिलांच्या मागे आठ लूम, म्हणजे कापड विणायचे विजेवरचे माग, त्याच्याकडे आले होते. खाली कारखाना, वर लाकडी माळ्यावर घर, घरात आई हबीबा आणि बायको तय्यबा. अय्यूब जन्मापासून लूमच्या खडखडाटात वाढला होता. त्या आवाजात मालक हातानं खुणावतो, कारागीर भुवईनं उत्तर देतो, आणि काम बिनबोभाट चालतं. त्यामुळे त्याची पक्की समजूत झाली होती की जगात जे खरं असतं ते न बोलता कळतं, आणि जे बोलून दाखवावं लागतं त्यात काहीतरी खोट असते.

ऐंशीच्या सुमाराला दोघांनी लिहायला घेतलं. गोष्ट एका लूम कारागिराची. मुनीर हॉटेलात बसून उर्दूत पानंच्या पानं भरायचा आणि मग दोघं ती घेऊन कारखान्यात यायचे. तिथे परीक्षा. चालू लूमच्या मधल्या बोळात उभा राहून मुनीर सगळा सीन करून दाखवायचा. हिरो तोच, हिरोची आई तोच, पोलीसही तोच. एक शब्द कुणाला ऐकू जायचा नाही. अय्यूब मुनीरकडे बघतच नसे, तो कारागिरांकडे बघायचा. कारागीर इतका गुंतला की त्याच्या लूमवरचा धागा तुटला तरी त्याला कळलं नाही, तर सीन पास. त्यानं मान वळवून कापडाकडे पाहिलं, तर नापास. अंबाडी गावाच्या पलीकडच्या पाड्यावरून आलेला बारक्या सगळ्यात भोळा प्रेक्षक. त्याचा धागा पहिला तुटायचा.

"तुमच्या पिक्चरपायी माझ्या ताग्यांना भोकं पडतात," हबीबा कुरकुरायची. "व्यापारी माल परत पाठवतो, तो काय तुमचा सीन बघून खूश होणार हाय?"

सीन पास झाला की अय्यूब पेन्सिल घ्यायचा. न ऐकता कळलं ते बोलायचं कशाला, म्हणत एकेक संवाद उडवायचा. मुनीर तळमळायचा. "अरे, हा शेर आहे, याला तरी हात लावू नको." अय्यूब म्हणायचा, "बोलून सांगायला लागलं म्हणजे सीन पडला," आणि शेरावर रेघ ओढायचा. गंमत अशी की दुसऱ्या दिवशी मुनीरलाच ते पटायचं. मुनीर एकटा असता तर बोलतच सुटला असता, अय्यूब एकटा असता तर कागद कोरा राहिला असता. दोघं मिळून मात्र चांगलं लिहीत होते, हे त्यांच्या वैऱ्यानंही मान्य केलं असतं.

एकच गोष्ट अय्यूबनं कधी केली नाही. धागा तुटला की तो खूश. त्या कारागिराला नेमकं काय समजलं, हे त्यानं एकदाही विचारलं नाही.

त्र्याऐंशी साली अय्यूबची मुलगी गेली. शमीम नाव. नुकती कुठे भिंत धरून उभी राहायला लागली होती. काविळीचं निमित्त झालं. दुपारी दफन करून माणसं परतली तेव्हा माळा बायकांनी भरला होता. जी येईल ती तय्यबाला एकच सांगत होती, "सबर कर बेटी. मोठ्यानं रडलं की मय्यतला त्रास होतो." तय्यबा भिंतीला टेकून बसली होती. ओठ घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा ताठ. अय्यूबनं जिन्यातून ते पाहिलं. ही अशी बसली तर मरेल, त्याला वाटलं. पण भरल्या बायकांत जाऊन तो काय बोलणार? आणि बोलणं हा त्याचा मार्ग नव्हताच.

तो खाली उतरला. मय्यतीपायी कारखाना बंद होता, कारागीर घरी गेले होते. त्यानं मोटर चालू केली आणि एकामागून एक आठही लूम सुरू केले. माळा थरथरायला लागला. आता वर कुणी कितीही मोठ्यानं रडलं तरी शेजारणीलासुद्धा ऐकू जाणार नव्हतं. अय्यूब जिन्याकडे पाठ करून भिंतीशी बसला. धागे तुटत होते, कापडाची चाळण होत होती, त्यानं वळून पाहिलं नाही. अंधार पडेपर्यंत त्यानं लूम चालू ठेवले. तेवढा वेळ त्याला वर त्याची बायको रडताना दिसत होती, डोळ्यांपुढे, अगदी स्पष्ट.

गल्लीनं मात्र त्याच्या तोंडात शेण घातलं. कबरीची माती ओली आहे आणि याला माल काढायची घाई! सख्ख्या मामानं सलाम घेणं सोडलं. अय्यूबनं सगळं मुकाट्यानं सोसलं. लोकांना काय कळायचंय? जिला कळायला हवं तिला कळलंय, एवढं त्याला पुरेसं होतं. तय्यबा त्या दिवसापासून फार बोलेनाशी झाली. खाली मान घालून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची, विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची. अय्यूबला त्यातही समाधान वाटायचं. आपल्या घरात आता शब्दांची गरज उरली नाही, असं तो स्वतःशी म्हणायचा.

हे सगळं त्यानं फक्त मुनीरला सांगितलं, तेही वर्षभरानं, पिक्चरचा शेवट अडला तेव्हा. मुनीरनं ते सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं तो सीन लिहून आणला. हिरो मोटर चालू करतो, बायकोकडे वळतो आणि म्हणतो, "रो ले. अब कोई नहीं सुनेगा."

अय्यूबनं ती ओळ खोडली.

"ही राहू दे," मुनीर म्हणाला. "बायकोला कळायला नको, तो लूम कशाला चालू करतोय ते?"

"बायकोला कळतं."

"कशावरून?"

"मला ठाऊक हाय ना," अय्यूब म्हणाला, आणि विषय मिटला.

मुनीरनं सीन कारखान्यात मुक्यानं करून दाखवला. बारक्याचा धागा तुटला. सीन पास झाला.

पंचाऐंशीच्या अखेरीस मुंबईतल्या एका निर्मात्यानं दोघांना बोलावलं. मुनीरनं गोष्ट अशी सांगितली की सेठनं दोनदा फोन उचलून नुसताच खाली ठेवला. गोष्ट संपल्यावर त्यानं अय्यूबकडे बोट केलं. "और ये?"

"ये भी साथ में हैं," मुनीर म्हणाला.

"इनकी कौनसी लाइन है?"

अय्यूबला या प्रश्नाचा अभिमानच वाटला. तो म्हणाला, "एक भी नहीं, सेठ. मैं काटता हूँ."

सेठ खो खो हसला. म्हणाला, काटायला आमच्याकडे एडिटर आहे, पगारी आहे. अय्यूबनं मुनीरकडे पाहिलं. आता हा बोलेल. धागा तुटण्याची परीक्षा सांगेल, रेघा मारलेली पानं दाखवेल, याच्याशिवाय हा पिक्चर म्हणजे नुसती बडबड झाली असती असं म्हणेल. मुनीरनं टेबलावरचं पेपरवेट इकडून तिकडे केलं. उभ्या जन्मात त्यानं एकच संवाद गाळला, तो नेमका तिथे.

परतताना एसटीत तो म्हणाला, "नावाचं बघू रे पुढे. आधी पिक्चर तर होऊ दे." पुढे मुनीर जोगेश्वरीला राहायला गेला. आधी ईदला यायचा, मग निरोप यायचा, मग तोही यायचा बंद झाला. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय! पिक्चर रखडत रखडत एक्याण्णव साली लागला. भिवंडीच्या टॉकीजबाहेर भलं मोठं पोस्टर, आणि त्यावर कथा, पटकथा, संवाद या तिन्हींपुढे एकच नाव. मुनीर.

अय्यूब ते पोस्टर वाचून घरी आला आणि जेवला नाही. पैसा नको होता त्याला. नाव हवं होतं, मुनीरच्या नावाखाली, बारीक अक्षरात का होईना. तो मुंबईला जाऊन लेखकांच्या संघटनेत भेटून आला. तिथल्या गृहस्थानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमच्या हातचं लिहिलेलं काही आहे? नव्हतं. रेघा मारलेली पानं मुनीरकडे, आणि रेघेवर काही कुणाची सही नसते. मग एखादा साक्षीदार? एखादा सीन तुमच्या आयुष्यातला आहे, असं शपथेवर सांगणारं कुणी?

अय्यूबला घरी पोचेपर्यंत दम निघाला नाही. साक्षीदार होता की! त्या सीनला जगात एकच साक्षीदार होता, आणि तो रोज त्याच्यासमोर कांड्या भरत बसत होता.

"पिक्चर बघायला जाऊया," तो तय्यबाला म्हणाला.

तिनं आश्चर्यानं वर पाहिलं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, आणि असं तो पहिल्यांदाच म्हणत होता. त्यानं जास्त काही सांगितलं नाही. सांगायची गरज काय? सीन आला की ती आपोआप ओळखेल.

शुक्रवारी लूम बंद, म्हणून शुक्रवारचा दुपारचा खेळ. टॉकीज कारागिरांनी भरलं होतं. अय्यूब पहिल्या रिळापासून दात खात बसला. त्यानं उडवलेला प्रत्येक शेर मुनीरनं परत आणून बसवला होता. हिरो जिन्यात बोलत होता, पुलावर बोलत होता, आईच्या उशाशी तर थांबायलाच तयार नव्हता. आणि पब्लिक शिट्ट्या वाजवत होती. एका सीनला मागची ओळ उभी राहून टाळ्या पिटायला लागली, तेव्हा अय्यूबचे कान तापले. हे तेच लोक होते, ज्यांचे धागे तुटायचे.

मग तो सीन आला. मूल गेलेलं, घर बायकांनी भरलेलं. हिरो खाली उतरला, त्यानं मोटर चालू केली. अय्यूबनं श्वास रोखला. इथे थांब, मुनीर, एवढ्या एकाच ठिकाणी थांब. हिरो वळला. बायको जिन्यात उभी होती. "रो ले," हिरो म्हणाला. "अब कोई नहीं सुनेगा. मैंने इसी लिए चलाया है."

शेजारी तय्यबानं तोंडात पदर कोंबला. तिचं अंग गदगदत होतं. टॉकीजमधल्या इतर बायकाही रडत होत्या, पण अशी कुणी नाही. अय्यूबच्या मनातला सगळा राग क्षणात खाली बसला. ओळखलं! हिनं ओळखलं. मसणात गेला मुनीर आणि त्याचा संवाद, साक्षीदार हजर होता.

बाहेर आल्यावर दोघं चालत निघाली. शुक्रवार असल्यानं गल्ल्या चिडीचूप होत्या. एरवी या रस्त्यानं ओरडून बोलावं लागतं.

"ओळखलास ना?" अय्यूबनं विचारलं.

"काय?"

"तो सीन. लूमचा."

तय्यबानं डोळे पुसले. "फार चांगला माणूस," ती म्हणाली. "बायकोला रडता यावं म्हणून लूम चालू करतो. असंही सुचतं कुणाला! मुनीरभाईनं कुठं बघितला असेल असा माणूस?"

अय्यूब थांबला. ती गंमत करत असेल असं त्याला क्षणभर वाटलं. पण तय्यबानं गंमत करायची सोडून कैक वर्षं झाली होती.

"तो मी," तो म्हणाला. "तय्यबा, तो मी हाय. शमीम गेली त्या दिवशी मी लूम चालू केले होते, तू वर..."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, मोतीबिंदू काढल्यावर म्हातारी माणसं आपल्याच नातवाकडे बघतात तसं.

"तुम्ही माल काढत होता," ती म्हणाली.

"माल? अगं, एकही तागा धड निघाला नव्हता. सगळी चाळण झाली होती. तू रडावंस म्हणून..."

"मी रडले नाय." तिचा आवाज अगदी सपाट होता. "लूमचा आवाज आला, आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. अम्मांनी मान खाली घातली. मी म्हटलं, याला एक दिवस दम निघाला नाय. पोरीचा एक दिवस. मग काय रडायचं, आणि कुणाजवळ? ते आजपर्यंत नाय रडले. आत्ता तिथं रडले, दुसऱ्याच्या नवऱ्याचं बोलणं ऐकून."

अय्यूबचा हात वर झाला, लूमच्या खडखडाटात कारागिराला खुणावायला व्हायचा तसा.

"आठ वर्षं," ती म्हणाली. "आठ वर्षं मी तुम्हाला काय समजत होते, ठाऊक हाय? त्या पिक्चरमधल्या माणसानं दोन शब्द सांगितले तिला. तुम्हाला दोन शब्द सांगता आले नाय?"

आणि ती भर रस्त्यात रडायला लागली. मोठ्यानं, हमसून हमसून, पदर तोंडाला न लावता. पानाच्या ठेल्यावरची माणसं वळून बघायला लागली. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. सगळ्या गावात एक लूम चालू नव्हता, आणि तिचा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता. ती मध्येच थांबून त्याच्याकडे बघायची. तो काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत होती, हे त्यालासुद्धा दिसत होतं.

अय्यूबनं तोंड उघडलं. आता बोलायला हवं होतं, काहीही चाललं असतं, मुनीरचा रद्दीतला शेर असता तरी चालला असता. पण त्याला एक ओळ सुचेना. ओळी सुचणं हे मुनीरचं काम होतं.