कवळीतले अकरा किडे

माझी बायको मनकर्णा गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी तिच्या पिशवीत कागदाची पुडी सापडली. आत पंधरा वाळलेले किडे. बाजारात दाढेचे किडे काढणाऱ्या सांडूमहाराजानं तिच्या दाढेतून काढलेले. दातांच्या डॉक्टर अश्लेषा यांनी ते भिंगातून पाहिले. म्हणाल्या, “काका, पुढच्या बाजारी मी येते.”

बिडकीनच्या बाजारात, त्या दुष्काळात, टँकरच्या रांगेपेक्षा लांब रांग महाराजापुढं होती.

“ना सुई, ना पक्कड! धूर वर, किडा खाली!”

पाण्याच्या परातीत तापलेलं लोखंड, त्यावर तेलकट चिमूट, रोग्याच्या डोक्यावर गोधडी. गोधडी काढली की पाण्यात किडे!

रांगेत माझी मेहुणी वच्छला. गाल फुगलेला, अंगात साखर.

“दवाखान्यात चल,” मी म्हणालो. “मनकर्णा अशीच गेली.”

“अक्का दवाखान्यातल्या सुईनं गेली, दाजी. किडे तर समदे निघाले व्हते.”

मग मीच तिच्यापुढं घुसलो. “महाराज, लई ठणकतंय!”

तोंडात त्यानं डोकावलंही नाही. गोधडी, धूर, खोकला.

“अकरा!” महाराज गरजला. “दाढंत बिऱ्हाड व्हतं!”

मी कवळी काढून त्याच्या हातावर ठेवली. आधी वरची, मग खालची.

हशानं बाजार फुटला. कडुबा भजेवाला पोट धरून खालीच बसला. “आरं, पलाष्टिकला किडे!”

“कवळीतबी शिरत्यात,” महाराज म्हणाला.

“मंग माझी भजी बी तपासा की!”

माझ्यासोबत आलेल्या डॉक्टरांनी महाराजाचीच चिमूट लोखंडावर टाकली आणि गोधडीखाली एक भोपळा ठेवला. भोपळ्याचे तेरा किडे निघाले.

“हे रिंगणीचं, त्या काटेरी रानझुडपाचं बी. तापलं की फुटतं, आतला वळलेला कोंब पाण्यात पडतो.”

“मंग माझं सुजलं कशानं?” वच्छलानं विचारलं.

“हिरडीत जंतू साचले की तिथल्या पेशी रसायनांतून निरोप धाडतात : धावा, लढा. त्यानं सूज येते. निरोप थांबलेच नाहीत, तर ती लढाई दाताभोवतीचं हाडच खाते. साखर वाढली की निरोपही वाढतात. आणि पू वेळेवर काढला नाही, तर मानेत उतरतो. मनकर्णाबाईंचं तेच झालं.”

वच्छला भोपळ्याकडं बघत राहिली. “चला, दाजी.”

तिची दाढ त्याच दुपारी काढली. वच्छला वाचली.

कुणी किडा दाखवला, तर आधी तोंडाशिवाय काढून दाखव म्हणा. आणि हिरडी सुजली, तर दवाखाना गाठा.

त्या रांगेत बेचाळीस जण होते. दवाखान्यात एकटी वच्छला आली. बाकीच्यांना हे सांगायला त्यांच्या घरी जायचं माझं अजून राहिलं आहे.