ओटीतलं अंडं

नूतनचं पत्र एकवीस दिवस माझ्या पुस्तकात पडून होतं. "सर, यांनी माझा फोन काढून घेतलाय, म्हणून पत्र लिहिते. महाराजांनी दाखवलं ते खरं का? तुम्ही दोन ओळी लिहिल्यात तर सासूबाई ऐकतील." लिंबायतच्या शाळेत मी तिला विज्ञान शिकवलं होतं. रोज कागद घ्यायचो आणि वाटायचं, आपलं कोण ऐकणार? बाविसाव्या दिवशी कळलं, पाच महिन्यांच्या गर्भार नूतनला मुलीसकट शिरपूरला माहेरी धाडलं.

खरं तर ते 'दाखवणं' मी पाहिलं होतं. डिंडोलीत मंडप भरलेला. नूतनच्या मुलीची दोन बोटं जन्मापासून जोडलेली. श्रीरंग महाराजांनी नूतनच्या ओटीत नारळाऐवजी अंडं घातलं, पुटपुटले आणि ताटलीत फोडलं. आत इवलासा जीव, हातपाय नुसते चपटे.

"बघा, बोटंच नाहीत! आंगळी क्यां छे? ग्रहणात विळी धरली हिनं! पोटातलंही असंच निघणार!"

मग महिनाभर त्यांची सेवा केलेल्या एका बाईच्या ओटीतलं अंडं फोडलं. त्यात सुटी बोटं! लोक पाया पडू लागले. पहिलं अंडं पाच दिवस उबवलेलं, दुसरं दहा, हे मला तिथेच कळलं होतं. मी शेवटच्या रांगेत चपला शोधत राहिलो.

शिरपूरची बातमी आली तेव्हा मात्र लाजेपेक्षा राग मोठा झाला. फलित अंडी आणली. खोक्यात बल्ब लावला, पाण्याची वाटी ठेवली आणि दोन-तीन दिवसांनी एकेक अंडं आत ठेवत गेलो, कवचाच्या बुडाशी पेन्सिलीनं तारीख घालून. त्या पिलांचं वाईट वाटलं. महाराजांचं नाही वाटलं.

पुढच्या बैठकीला खोकं घेऊन पुढे गेलो.

"महाराज, माझ्या घराची परीक्षा करा. अंडं घरचंच आहे."

त्यांनी फोडलं. चपटे हातपाय दिसताच खुलले. "अरेरे! मास्तर, तुमच्या घरच्या बाईनं ग्रहणात चिरलंय काहीतरी!"

"माझ्या घरी बाई नाही, महाराज. मी एकटाच राहतो."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मला ते हसू फार गोड लागलं.

"मग मास्तरांनीच चिरलं असेल!" कोणी ओरडलं.

महाराज उठायला लागले. "बसा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "अजून दोन आहेत."

नूतनची सासू मालतीबाई पुढेच होत्या. त्यांना तारखा वाचायला लावल्या आणि फोडत गेलो. सात दिवसांचं: चपट्या पायावर बोटांच्या रेघा. दहा दिवसांचं: बोटं सुटी. "मंत्र नाही, सेवा नाही. नुसता बल्ब!"

"पण मास्तर, मन्ही नातनी बोटं?" त्यांनी नातीचं विचारलं.

"आधी हात वल्ह्यासारखा चपटा असतो, मालतीबाई. मग बोटांमधल्या पेशी मरतात आणि बोटं सुटतात. कधी ते काम अर्धवट राहतं. माणसाच्या बाळाची बोटं पोटात दोन महिन्यांतच सुटी होतात. मुलीच्या वेळी ग्रहण कोणत्या महिन्यात होतं?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "सहावा..." आणि डोक्यावरचा पदर तोंडाशी धरला.

महाराज मागच्या कनातीतून सटकू पाहत होते. बायकांनीच त्यांना अडवलं. त्यांच्या खोलीतलं उबवणीचं यंत्र पोलिसांपुढे उघडलं, तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो. दया आली नाही.

घरी येऊन लिहिलं: "नूतन, तुझं काहीही चुकलं नाही. विळीचं नाही, ग्रहणाचं नाही. मुलीची बोटं डॉक्टर सुटी करू शकतील. पोटातल्या बाळाची तपासणीही डॉक्टरकडेच कर. कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचार, हे किती दिवसांचं आहे? हे मी तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. चूक माझी."

माझ्यासोबत आलेल्या मालतीबाईंनी पत्राखाली वाकड्या अक्षरात, पोरीला घेऊन घरी बोलावणारी एक ओळ घातली: "पोरले लई घर ये."

पाकीट पेटीत पडल्याचा आवाज ऐकला, मगच परतलो.