पेंढ्याआडची पट्टी

आमच्या मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, तळावर हिवाळ्यात एकच अलिखित कायदा असतो. दुसऱ्याच्या प्लगला हात लावायचा नाही. शेजाऱ्याचं कुत्रं पळवलंत तर चार दिवसांचा अबोला. प्लग काढलात तर त्याचा गाडीखालचा पाण्याचा नळ गोठतो, आणि अमेरिकेतल्या मोन्टानात माणूस हे वैर नातवंडांच्या नावावर करून जातो.

हार्लन त्वेटचा नळ गेल्या हिवाळ्यात गोठून फुटला होता. त्याने आणि त्याच्या बायकोने, आर्डिसने, वसंतापर्यंत बर्फ वितळवून भांडी घासली. म्हणून यंदा त्याने नळ गोठणार नाही एवढीच ऊब देणारी विजेची पट्टी आणली आणि गुंडाळली. एक फेरा झाल्यावर त्याच फेऱ्यावर दुसरा, मग तिसरा. ही पट्टी स्वतःवरच चढवू नये, असं खोक्यावर ठळक छापलेलं असतं. मी ते वाचून दाखवलं.

"एका घोंगडीने भागत नाही म्हणूनच माणूस दुसरी घेतो ना, वेंडेल?" तो म्हणाला.

घोंगडीला वीज लागत नाही, असं मी म्हणालो. त्याने वरून फोम चढवला, आणि गाडीखाली वारं शिरू नये म्हणून चहूबाजूंनी पेंढ्याचे गठ्ठे रचले. गठ्ठे आम्ही सगळेच रचतो, मीसुद्धा. एरवी शहाणी असलेली माणसं थंडीत स्वतःच्या घराखाली सरपण भरून ठेवतात आणि वर समाधानाने कॉफी पितात.

त्याचा नळ गाडीत शिरत होता तो नेमका दाराखालून. दार एकच. आर्डिसच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. पलंगापासून त्या दारापर्यंत यायला तिला एक अख्खं स्तोत्र लागायचं, मधल्या कंटाळवाण्या कडव्यांसकट.

जानेवारीतल्या एका दुपारी हार्लन तिची औषधं आणायला गावात गेला. मी त्यांच्या गाडीजवळून चाललो होतो. सगळ्या गठ्ठ्यांवर वीतभर बर्फ होतं. दाराखालच्या गठ्ठ्यावर नव्हतं. तिथला पेंढा कोरडा होता, तांबूस होता, आणि इस्त्री कपड्यावर विसरल्यासारखा वास येत होता.

मी कायदा मोडला.

प्लग काढून गठ्ठा ओढला. फोम वितळून नळाला चिकटला होता. पट्टी जिथे पट्टीवर चढली होती तिथे काळी आणि चघळलेल्या टॉफीसारखी मऊ झाली होती. मी आर्डिसला हाताला धरून माझ्या गाडीत आणलं. तिने फोमचा जळका तुकडा पाहिला. फक्त विणकाम मागितलं.

हार्लन आला तोवर नळ गोठला होता. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तू माझ्या प्लगला हात लावलास."

मी त्याला काळा भाग दाखवला. ही फेकून दे, माझ्याकडे नवी आहे, नळावर सरळ ताणून एकच लावू, असं सांगितलं. त्याने काळा भाग बोटाने दाबून पाहिला. माणसाला समजतंय असं मला वाटलं. मग त्याने जळका भाग कापला, उरलेली दोन टोकं काळ्या चिकटपट्टीने जोडली, केस वाळवायच्या यंत्राने नळ मोकळा केला, प्लग लावला आणि गठ्ठा जागेवर सारला. असा जोड आधीच्या फेऱ्यांपेक्षा वाईट, हे मी त्याच्या पाठीला सांगितलं. पुन्हा प्लग काढला असता तर तळावरून माझीच उचलबांगडी झाली असती. शिवाय आर्डिस माझ्याकडे होती.

अंधार पडायच्या आधी तो तांब्याचा जग भरून घेऊन आला.

"चल घरी, आर्डिस. पाणी बघ कसं धो धो येतंय."

तिने कॉफीसाठी कपात पाणी ओतलं आणि थांबली. दोन्ही हातांनी कप धरून राहिली.

"हार्लन, हे कुठल्या नळाचं?"

"थंड. गरम अजून सुरूच केलेलं नाही." मग त्याचा चेहरा उजळला. "कोमट येतंय. फुकटात."

आर्डिसने कप खाली ठेवला. मी बूट चढवायला लागलो होतो.